कंपवाताचे औषध आणि पावसाळा

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला आणि भामरागडच्या माडिया वस्तीला दवाखाना मिळाला. परंतु पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अनेक पावसाळ्यांत तुटली आहे. कंपवाताच्या रुग्णाला हे महागात पडू शकते. लेव्होडोपाच्या गोळ्या एकाएकी थांबल्या, तर अंग ताठरते, तीव्र ताप येऊन प्राणावरही बेतू शकते.

पुष्कळदा मात्र गोळी घरातच थांबते. मळमळ होते, उठताना भोवळ येते, हातपाय आपोआप वळवळतात, क्वचित नसलेली माणसे दिसतात. ही बाहेरची बाधा नव्हे, औषधाचे दुष्परिणाम आहेत. मात्रा व वेळा बदलून डॉक्टर ते बरेचसे आवरू शकतात. गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी. डाळ-मासळीतील प्रथिने तिचा गुण कमी करतात. मळमळत असल्यास सोबत थोडी पेज चालेल. अंथरुणावरून उठताना आधी क्षणभर बसावे.

रानातल्या खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असते. १९३७ साली भारतीय संशोधकांनी ते वेगळे काढले. तरी बियांतले प्रमाण सारखे नसते. गोळीवर बी खाणे धोक्याचेच.

पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी मृग लागण्यापूर्वी अशा रुग्णाच्या घरी जावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चार महिन्यांच्या गोळ्या घेऊन ठेवल्या आहेत का, ते पाहावे.