मुलांचा मूत्रपिंडविकार : गोळी स्वस्त, आजारपण महाग

(बंगळुरू येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)

नेफ्रॉटिक सिंड्रोम या विकारात मुलाच्या लघवीतून प्रथिने वाहून जातात व अंगावर सूज येते. बहुसंख्य मुलांना प्रेडनिसोलोनने गुण येतो. ही गोळी स्वस्त आहे. परंतु आजार पुनःपुन्हा उलटतो. स्टेरॉइडच्या वारंवार मात्रांनी मुलाची वाढ खुंटू शकते. मग लेव्हामिसोल, सायक्लोफॉस्फामाइड किंवा महागड्या रिटुक्सिमॅबचा आधार घ्यावा लागतो.

बंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयात मुलांच्या मूत्रपिंडविकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पण दूरच्या जिल्ह्यातून अशा मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या मजुराला गोळीपेक्षा प्रवास आणि बुडालेली मजुरी अधिक जड जाते. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांचा खर्च उचलते. बाह्यरुग्ण तपासणीचा व घरच्या औषधांचा भार बहुधा कुटुंबावरच राहतो.

सकाळची लघवी घरीच रंग बदलणाऱ्या पट्टीने तपासून वहीत नोंदवली, तर उलटलेला आजार सूज वाढण्यापूर्वीच कळतो. ही पट्टी व गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळाव्यात. मूल दाखल झाल्यावर शासन खर्च करते. ते दाखल होऊ नये यासाठीही करावा.