जिलबीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत का?

मागच्या एपिसोडमध्ये मी जिलबीचा ओझरता उल्लेख केला, आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विचारलं, "ताई, तिला पिल्लं झाली की नाही?" तर आज तेच सांगते. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या तर सांभाळून घ्या, गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये स्टुडिओ म्हणजे माझी बेडरूम.

जिलबी आमची लॅब्रॅडोर. चार वर्षांची, रंग पिवळा, म्हणून नाव जिलबी. आजोबा गेले त्याच्या दोन महिने आधी ती घरात आली. तेव्हापासून ती आजीच्या पलंगाखाली झोपते. आजी पहाटे उठली की ही पण उठते. म्हणजे ही कुत्री कागदावर बाबांच्या नावावर, पण आहे आजीची.

दिवाळीत विषय निघाला. बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांचा लॅब आहे, देखणा. काका म्हणाले, "जिलबीची आणि आमच्याची जोडी जमवू. आठ पिल्लं धरा, एक मला द्या, बाकीची तुमची." बाबांनी तिथल्या तिथे मोबाइलवर गुणाकार केला. आई म्हणाली, "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला, तब्येतीला चांगलं असतं." आणि आजी? ती फक्त म्हणाली, "हिचं एक पिल्लू घरात राहू दे. ही गेल्यावर काय करू मी?"

त्याच्यावर काय बोलणार? पैशांवर वाद घालता येतो. ह्याच्यावर नाही.

मग मी डॉक्टरांकडे गेले. पहिला प्रश्न आईचाच विचारला. त्यांनी सरळ सांगितलं की एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते ह्याला काही आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या कुत्रीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमध्ये विम्याच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात साधारण चारांतल्या एका कुत्रीला दहा वर्षांची होण्याआधी हा आजार झालेला दिसला. वेळेत लक्षात आलं नाही तर जीव जातो.

दुसरं त्यांनी विचारलं, "खुब्यांचा एक्स-रे काढलाय?" मी म्हणाले, "ती तर ससा पळतो तशी पळते!" ते हसले. लॅबमध्ये खुब्याचा सांधा सैल असणं, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, बऱ्यापैकी आढळतं. ते बरंचसं आनुवंशिक असतं, आणि तरुणपणी लंगडणं दिसेलच असं नाही. दोन वर्षांनंतर एक्स-रे काढला की अंदाज येतो. एक्स-रे नराचाही हवा. मी काकांना फोन केला. "अगं, आमचा ठणठणीत आहे, एक्स-रे कशाला?" हे उत्तर.

जिलबीचा काढला. उजवा खुबा सैल निघाला. फार नाही, पण निघाला.

घरी मी फिल्म खिडकीला धरून दाखवली. बाबा म्हणाले, "एवढंसं काय ते?" एवढंसंच होतं, खरं आहे. पण आठ पिल्लांपैकी कुणाच्या तरी घरात सातव्या वर्षी जिना न चढणारा कुत्रा असू शकतो, आणि ते घर आपल्याला माहीतही नसेल.

तोवर मी आणखी एक काम केलं होतं. व्हॉट्सॲपवर टाकलं होतं, "जिलबीला पिल्लं झाली तर कोणाला हवं?" अकरा जणांनी लगेच हार्ट पाठवले. मग मी एकेकाला फोन करून विचारलं, सकाळी सहाला कोण फिरवणार? मे महिन्यात गावी गेलात की कुठे ठेवणार? घरमालकाला चालतं का? उरले दोघं. त्यातल्या एकाची बायको मागून ओरडत होती, तो भाग सोडा.

आणि नियमही आहेत बरं का. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. अठरा महिन्यांच्या आतल्या मादीचं मेटिंग करायचं नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. बाबांच्या गुणाकारात ह्यातलं काहीच नव्हतं. लसी, जंतांचं औषध, वेळ पडली तर सिझेरियन, हेही नव्हतं.

शिवाय हिशोब केला, जिलबी नोव्हेंबरात हीटवर येणार. त्रेसष्ट दिवस धरा, पिल्लं जानेवारीत. नाशिकची जानेवारी! निफाडचा पारा रोज बातम्यांत असतो. नवजात पिल्लांना पहिले दोन आठवडे अंगाची ऊब स्वतःला राखता येत नाही. रात्रभर जागणार कोण? आजीच, दुसरं कोण.

आईला पटलं. बाबा गप्प झाले, म्हणजे पटलंच. आजी मात्र म्हणाली, "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला सगळं कळतं." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला अजूनही ते लागतं. मी तिला एक्स-रे दाखवू शकत होते, पण तिचा प्रश्न एक्स-रेचा नव्हताच.

नोव्हेंबर कसा काढला विचारू नका. तीन आठवडे सोसायटीच्या गेटबाहेर कॉलनीतल्या सगळ्या बोक्यांची, सॉरी, कुत्र्यांची सभा! हीट संपल्यावर लगेच ऑपरेशन करत नाहीत, म्हणून फेब्रुवारीत केलं. आता वजन वाढू द्यायचं नाही, कारण नसबंदीनंतर ते चटकन वाढतं आणि सैल खुब्याला तेच बाधतं. म्हणजे आजीची चोरून दिलेली पोळी बंद.

ऑपरेशनच्या रात्री जिलबी गुंगीत होती, गळ्यात ते प्लॅस्टिकचं नरसाळं. आजी जमिनीवर चटई टाकून तिच्या शेजारी बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. मी म्हणाले, "आजी, वर झोप, मी बसते."

"तू झोप," ती म्हणाली. "हिला जाग आली की मीच लागते."

आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "त्या डॉक्टरला विचार, ही अजून किती वर्षं राहील म्हणून."

मी अजून विचारलेलं नाही. पुढच्या आठवड्यात टाके काढायला जायचंय. चला, कुकर झाला, भेटू.