गायकाचे व्यासपीठ : पंडित विष्णु दिगंबर पलुसकर



कोरेगाव स्थानकावरून दक्षिणेस निघालेली गाडी किर्लोस्करवाडी व सांगली मागे टाकून मिरजेस पोहोचते. किर्लोस्करवाडीजवळच पलूस हे गाव आहे. त्या गावाचे नाव आडनावाच्या रूपाने ज्यांनी लाहोरपर्यंत नेले, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. मूळ आडनाव गाडगीळ. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. बालपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. ते किती खडतर होते, हे जुन्या पिढीला सांगणे नलगे.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले, परंतु गुरुजींना आले नाही. गवयाला काय बोलवायचे, असा त्यामागचा भाव होता, अशी हकिकत चरित्रकार सांगतात. त्या काळी गवयाची विद्या दरबारात मान्य होती, गवई मात्र पंगतीत मान्य नव्हता. विष्णुबुवांच्या पुढील आयुष्यातील सारी धडपड या एका वाक्यात सामावते.

मिरजेहून ते बडोद्याकडे व पुढे सौराष्ट्रात गेले. तेथे त्यांनी अल्प तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात नवल वाटणार नाही. परंतु पेढीवर बसणाऱ्या श्रोत्यांनी या गोष्टीकडे जरा व्यवहाराच्या नजरेने पाहावे. ज्याचे एकच गिऱ्हाईक असते, त्याला त्या गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावीच लागते. तिकीट काढणारे शेकडो झाले, की एकाच्या रुसण्याने दुकान बंद पडत नाही. राजाश्रयाची जागा लोकाश्रयाने घेतली, ती अशी. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही मुख्यतः लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांच्या बळावर. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली.

याच मुंबईत हिशेब चुकला. विद्यालयासाठी मोठी इमारत उभी राहिली, ती कर्ज काढून. कर्जाचे व्याज कोणासाठी थांबत नाही आणि जलशांचे उत्पन्न दरमहा सारखे येत नाही. पोटच्या मुलाप्रमाणे वाढविलेली ती वास्तू अखेर सावकारांच्या देण्यापायी लिलावात गेली.

इमारतीवर असे सावट असताना, डिसेंबर १९२३ मध्ये विष्णुबुवा काकीनाडा येथील काँग्रेसच्या अधिवेशनास गेले. अधिवेशनात ‘वंदे मातरम्’ गाण्याचा त्यांचा शिरस्ता होता. त्या वर्षी अध्यक्षस्थानी मौलाना मोहम्मद अली होते. बुवांनी गायनास आरंभ केला आणि आपल्या धर्मात संगीत निषिद्ध आहे, या कारणाने अध्यक्षांनी हरकत घेतली. मंडपात मोठ्या पुढाऱ्यांची मांदियाळी होती. बुवांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा सांगतात की, हे व्यासपीठ राष्ट्राचे आहे, कोणा एका धर्माचे नाही. शिवाय अध्यक्षांच्या मिरवणुकीत वाद्ये वाजली तेव्हा हरकत आली नव्हती. एवढे बोलून त्यांनी गीत पूर्ण गायिले.

या प्रसंगाचा उपयोग पुढे अनेकांनी आपापल्या बाजूने केला. मौलानांनी आपली श्रद्धा उघडपणे मांडली, ती त्यांना प्रामाणिक वाटत असावी. बुवांनी आपली विद्या सोडली नाही. दोन जाती भांडल्या, असे त्याचे चित्र रंगविणे हा बुवांवर अन्यायच होय. तेथे एक गवई अध्यक्षांपुढे उभा राहून, गाणे हेही सभेचे काम आहे, एवढेच म्हणत होता. ज्या समाजाने त्याच्या गुरूला आमंत्रणाच्या योग्यतेचे मानले नव्हते, त्याच समाजाच्या सर्वांत मोठ्या सभेत हे घडले, हे विसरता कामा नये. आणि कोणा दरबाराची नोकरी जाण्याचे भय त्याला नव्हते. ती नोकरी त्याने सत्तावीस वर्षांपूर्वीच सोडली होती.

गीताचा वाद मात्र मिटला नाही. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने सभांमध्ये पहिली दोन कडवीच म्हणावीत असे ठरविले. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी या गीतास राष्ट्रगीताइतकाच सन्मान राहील, असे जाहीर केले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यास दीडशे वर्षे झाली, तेव्हाही संसदेत त्यावर चर्चा झाली. त्या चर्चेच्या गलबल्यात काकीनाड्याच्या गायकाची आठवण कोणी केली असेल, तर ती त्याच्या गाण्यापेक्षा त्या तंट्यासाठीच.

काकीनाड्यानंतर बुवांचे मन रामनामाकडे अधिकाधिक वळत गेले. नाशिकला त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच, जेथून पायपीट सुरू झाली तेथेच, त्यांचा देह पडला. पुढे १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून ‘वंदे मातरम्’ संपूर्ण गायिले गेले. गायक होते पंडित ओंकारनाथ ठाकूर, विष्णुबुवांचे शिष्य.