छायाचित्र : सजावट आणि साक्ष



खेड्यापाड्यांतील जुन्या घरांच्या माजघरात एक तसबीर हमखास आढळते. आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले असतात आणि शेजारी आजी उभ्या असतात. पुष्कळदा या दोघांचा एकत्र फोटो प्रत्यक्षात कधीच काढलेला नसतो. आजोबांचा चेहरा एखाद्या लग्नातील समूहचित्रातून घेतलेला असतो, आजींचा आणखी कोठून तरी. आणि तालुक्याच्या गावातील फोटोग्राफरने ते दोन्ही जुळवून, बारीक कुंचल्याने रंग भरून ही जोडी साकार केलेली असते. या तसबिरीला घरातील कोणीही खोटी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. ती स्मरणासाठी आहे. ती कशी तयार झाली हे घरच्यांना ठाऊक असते आणि तिच्या आधाराने कोणताही निवाडा करावयाचा नसतो.

मात्र हेच कसब पुरात पडलेल्या घराच्या छायाचित्रावर चालविले गेले तर? त्या छायाचित्रावरून पंचनामा व्हावयाचा असतो आणि पंचनाम्यावरून मदत मिळावयाची असते. तेथे एक भिंत अधिक पडलेली दाखविणे ही कला नसून फसवणूक होय. छायाचित्रांत फेरफार करणारी नवी सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या हाती आलेली असताना सजावट आणि साक्ष यांमधील ही सीमारेषा ओळखणे अगत्याचे झाले आहे.

छायाचित्रणाची कला जगापुढे प्रथम आली ती १८३९ मध्ये. पंधरा वर्षांतच, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. मराठी मंडळींचे जुने वास्तव्य असलेल्या इंदूर आणि हैदराबाद या दोन संस्थानांशी तर या कलेतील एक थोर नाव निगडित आहे. ते म्हणजे राजा दीनदयाळ. रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात आरेखक म्हणून आले आणि तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा त्यांना आश्रय लाभला. पुढे ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांनी राजवाडे, शिकारी आणि दरबार टिपले; तद्वतच त्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात, तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील मदतकार्याची छायाचित्रेही त्यांच्या स्टुडिओने घेतली. दरबारी चित्रांत थाट होता, मांडणी होती. दुष्काळाच्या चित्रांचे मोल मात्र वेगळ्या गोष्टीत आहे. ती माणसे तेथे खरोखरच होती, एवढ्या एकाच गोष्टीत ते मोल आहे.

कॅमेरा पूर्वी खरे बोलत असे आणि सॉफ्टवेअरने त्याला खोटे बोलावयास शिकविले, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने हलके हात मारून चेहऱ्यावरील सुरकुत्या व देवीचे व्रण घालविण्याची विद्या त्या काळच्या प्रत्येक चांगल्या स्टुडिओत होती. इंग्लंडमध्ये रेजलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एकच भव्य चित्र तयार केले होते. सोव्हिएत रशियात स्टॅलिनच्या शेजारी उभा असलेला पोलीसप्रमुख येझोव्ह १९४० मध्ये देहदंडास पात्र ठरला. पुढे त्याच छायाचित्राच्या नव्या प्रतीत तो दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी कालव्याचे पाणी दिसू लागले. हे सारे हातांनी, कात्री-कुंचल्याने आणि अंधाऱ्या खोलीत झाले. फरक एवढाच की, असे काम करणारे हात थोडे होते आणि त्याला दिवसच्या दिवस लागत.

संगणकाने प्रथम हे कष्ट हलके केले. अमेरिकेतील ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून यंत्राच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकविण्यात आले. त्यावरून मोठा गदारोळ उडाला. त्या वेळची यंत्रसामग्री अतिशय महाग असल्यामुळे असली किमया मोठ्या छापखान्यांनाच परवडत असे. १९९० मध्ये टॉमस व जॉन नोल या बंधूंनी तयार केलेले ‘फोटोशॉप’ ॲडोबी कंपनीने बाजारात आणले आणि तीच किमया टेबलावरील संगणकावर आली.

या सॉफ्टवेअरचे मर्म समजण्यास कठीण नाही. अंकीय छायाचित्र म्हणजे असंख्य सूक्ष्म ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याचा रंग संगणकात आकड्यांनी नोंदलेला असतो. आकडे बदलले की रंग बदलतो. म्हणून एका ठिकाणचे ठिपके उचलून दुसरीकडे बसविता येतात आणि जोड दिसत नाही. २०२३ पासून यात आणखी एक पाऊल पुढे पडले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे, चित्रातील रिकामी केलेली जागा सॉफ्टवेअर स्वतःच भरून काढू लागले. हे सॉफ्टवेअर अगणित चित्रांवरून शिकलेले असते. रिकाम्या जागेत ते जे भरते, ते तेथे खरोखर असलेले दृश्य नव्हे. तेथे जे असू शकले असते, ते दृश्य होय. या दोहोंतील अंतर डोळ्यांना दिसत नाही आणि सारा धोका तेथेच आहे.

छायाचित्रकाराच्या व्यवसायावर याचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे त्याचे कष्ट वाचले. फाटक्या, बुरशी चढलेल्या जुन्या फोटोचा जीर्णोद्धार आता एका बैठकीत होतो. दुसरीकडे निगेटिव्ह दुरुस्त करणारे आणि फोटो रंगविणारे कारागीर मागे पडले आणि गिऱ्हाइकाची मागणीही बदलली. लग्नाच्या दिवशी आभाळ भरून आलेले असले तरी अल्बममध्ये ते निळे हवे असते. एवढ्याने कोणाचे नुकसान होत नाही. तथापि तोच छायाचित्रकार जेव्हा बातमीसाठी, न्यायालयासाठी किंवा सरकारी कामासाठी फोटो काढतो, तेव्हा लग्नाच्या अल्बमची सवय त्याने दाराबाहेर ठेवावयास हवी. २००६ मध्ये लेबनॉनमधील युद्धाच्या वेळी एका छायाचित्रकाराने बैरूतवरील धूर सॉफ्टवेअरने अधिक दाट केला. बॉम्बफेक खरी होती, धूरही खरा होता. केवळ तो वाढविला होता. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याची ९२० छायाचित्रे आपल्या संग्रहातून काढून टाकली. एका खोट्या चित्रामुळे शेकडो चित्रांची पत गेली.

शासकीय प्रसिद्धीचे क्षेत्रही या मोहापासून अलिप्त राहिलेले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या महापुराच्या वेळी पंतप्रधानांच्या हवाई पाहणीचे, दोन चित्रे जुळवून केलेले एक छायाचित्र पत्र सूचना कार्यालयाकडून प्रसृत झाले. नंतर ते मागे घेण्यात आले आणि कार्यालयाने खेद प्रकट केला. पाहणी खरी होती, पूर खरा होता. दृश्य अधिक ठसठशीत करण्याच्या भरात खऱ्या घटनेवरच संशयाची छाया पडली. प्रसिद्धीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गिरवावा असा आहे.

फसवणुकीसाठी नेहमीच सॉफ्टवेअर लागते असेही नाही. ग्रामीण रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी छायाचित्रांसह मोबाइलवर नोंदविणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना पाठविलेल्या पत्रात, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविणे आणि माणसांऐवजी छायाचित्राचेच छायाचित्र घेणे, असे प्रकार नमूद केले होते.

श्रोतेहो, बनावट चित्राचा सर्वांत मोठा बळी कोण, याचा विचार व्हावयास हवा. फसवणाऱ्याचे काम होऊन जाते. बळी ठरतो तो प्रामाणिक माणूस. ज्याचे घर खरोखर पडले आहे, जी मजूर स्त्री दिवसभर उन्हात खरोखर राबली आहे, तिच्या खऱ्या छायाचित्राकडेही मग अधिकारी संशयाने पाहू लागतात. अपराधी मनुष्य उलट निर्ढावतो. स्वतःच्या कृत्याचे खरे चित्र पुढे आले तरी ते ‘संगणकावर बनविलेले’ आहे असे म्हणून तो हात झटकतो. खोटे नाणे चलनात शिरले म्हणजे खऱ्या नाण्यालाही वाजवून घ्यावे लागते. ज्याच्याजवळ आपल्या शब्दाखेरीज आणि एका फोटोखेरीज दुसरा पुरावा नाही, त्या गरिबाची अडचण यात सर्वाधिक.

यावर काही उपाय झाले आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या अभिलेखाचा एक विशिष्ट अंकीय ठसा नमूद करावा लागतो. चित्रातील एक ठिपका बदलला तरी हा ठसा बदलतो. जर्मनीच्या लायका कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये, छायाचित्र टिपतानाच त्यावर उगमाची अंकीय मोहोर उमटविणारा कॅमेरा आणला. मात्र मोहोर काय सांगते? चित्र कोठून आले, एवढेच. कॅमेऱ्यापुढे जे मांडले ते खरे होते की नाही, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

म्हणून काही साधे नियम सर्वांनीच पाळणे इष्ट. नुकसानीचा फोटो काढताना एक जवळून व एक दुरून घ्यावा. दुरच्या फोटोत शेजारचे घर, विहीर किंवा झाड अशी ओळखीची खूण यावी. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नये. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या फोटोतील वेळ-स्थळाची अंतर्गत नोंद गळून जाते. म्हणून तो दस्तऐवज म्हणून पाठवावा आणि मूळ प्रत जपून ठेवावी. अधिकाऱ्यांनी केवळ चित्रावर विसंबू नये आणि केवळ संशयाने ते फेटाळूही नये. मूळ प्रत मागावी आणि शक्य तेथे प्रत्यक्ष जागा पाहावी. कार्यालयांनी प्रत्येक छायाचित्राखाली स्थळ, दिनांक व काढणाऱ्याचे नाव द्यावे आणि चित्र जुळविलेले असल्यास तसे स्पष्ट छापावे. शिक्षकांनी एकाच दृश्याची मूळ व बदललेली अशी दोन चित्रे वर्गात शेजारी-शेजारी ठेवून मुलांना फरक शोधावयास लावावे. चित्र पाहणे आणि चित्र वाचणे यांतील भेद मुलांना यावरून सहज उमगेल.

उजेड कमी असल्यास वाढवावा, कड वेडीवाकडी असल्यास कापावी. यात वावगे काही नाही. परंतु जे नव्हते ते आणू नये आणि जे होते ते पुसू नये. माजघरातील आजी-आजोबांची तसबीर आणि पंचनाम्याला जोडलेला फोटो एकाच संगणकावर तयार होऊ शकतात. तथापि पहिल्याखाली घराण्याचे प्रेम असते आणि दुसऱ्याखाली कोणाची तरी सही. सही करणाऱ्याने, ती करण्यापूर्वी, एकवार घटनास्थळी जाऊन यावे.