देणारा कोण?

(कोल्हापूर येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



दत्तकाविषयी बोलण्यास कोल्हापूरइतके उचित स्थान दुसरे कोणते? छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या निधनानंतर राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. देणारा पिता कोण, घेणारी माता कोण, हे साऱ्या करवीरास ठाऊक होते. आज मात्र आपण हा विषय कुजबुजत बोलतो आणि त्या कुजबुजीतच अनर्थाचे मूळ असते.

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयाचे एक दांपत्य घरी आले. विवाहास अकरा वर्षे झालेली. संस्थेत नाव नोंदवले तर वर्षानुवर्षे थांबावे लागते, हे ऐकून ते खचले होते. एका मध्यस्थाने त्यांना सांगितले होते की, अमुक प्रसूतिगृहात एका अविवाहित मुलीची प्रसूती व्हायची आहे. बाळ थेट हाती मिळेल, जन्मदाखल्यावर तुमचीच नावे लागतील, 'खर्च' तेवढा द्या. मी इतकी वर्षे पत्रकारितेत घालवलेला माणूस, पण म्हणालो, "एका जीवाचे कल्याण होते आहे, घ्या." सुदैवाने ते पुढे एका वकिलांकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "देणारा कोण?" या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. मला माझ्याच सल्ल्याची लाज वाटली.

बंधूंनो, 'दत्त' म्हणजे दिलेला. मनुस्मृतीने पुत्रांचे प्रकार सांगताना 'दत्तक' आणि 'क्रीत', म्हणजे विकत घेतलेला, हे दोन प्रकार वेगळे मानले आहेत. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदाही हेच तत्त्व पाळतो. मूल देण्याचा अधिकार जन्मदात्या माता-पित्यांचा. ते नसतील वा असमर्थ असतील, तर पालकास न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने. डॉक्टर, परिचारिका वा मध्यस्थ यांना तो अधिकार मुळीच नाही. देण्याघेण्यात पैसा आला की तो गुन्हा.

म्हणून धाकट्या भावाचे वा बहिणीचे मूल ओटीत घ्यायचे असेल, तर हा मार्ग अवश्य धरावा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना तो खुला आहे. दत्तहोम अनिवार्य नाही. प्रत्यक्ष देणे-घेणे मात्र अनिवार्य आहे. दत्तकपत्र नोंदवून घ्यावे. घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा, मुलगी असेल तर दुसरी मुलगी या कायद्याने घेता येत नाही. दत्तक एकदा विधिवत झाले की ते रद्द करता येत नाही. नात्यातला रुसवा पुढे कितीही वाढला तरी मूल परत देता-घेता येत नाही, हे दोन्ही घरांनी आधीच उमजून घ्यावे.

जिथे देणारा ज्ञात नाही, किंवा अनोळखी माता मूल सोडू पाहते आहे, तिथे मान्यताप्राप्त संस्थेचाच मार्ग. ही कल्पना परकी नाही. प्रार्थना समाजाने पंढरपूरला बालकाश्रम काढला तो १८७५ मध्ये. आपल्या कोल्हापुरातही बालकल्याण संकुल आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदणी होते, समाजसेविका घरी येऊन पाहणी करते, बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मुक्त ठरवते आणि मग दत्तकाचा आदेश निघतो. हा मार्ग टाळून परस्पर मूल घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, तर मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

"एवढा विलंब कशाला?" असे आपण विचारतो. लहान, निरोगी बाळासाठी तीन वर्षे वा अधिकही थांबावे लागते, हे खरे. इच्छुक पालक अनेक, मुक्त ठरलेली बालके थोडी, हे त्याचे मुख्य कारण. पण त्यातला एक काळ पवित्र आहे. मूल सोडणाऱ्या मातेला फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने दिले आहेत. भीतीपोटी घेतलेला निर्णय ती मागे घेऊ शकते. प्रसूतिगृहाच्या मागल्या दाराने बाळ नेणारा तिचे हे दोन महिने चोरतो. आणि खोटा जन्मदाखला त्या बाळाचा भूतकाळच चोरतो. कर्णाला आपले जन्मरहस्य युद्धाच्या उंबरठ्यावर कळले. आपल्या मुलांवर ती वेळ का आणावी? सत्य त्याला लहानपणीच, आपल्या मांडीवर कळावे.

त्या दांपत्याने तो 'खर्च' दिला नाही. नाव नोंदवले, साडेतीन वर्षे वाट पाहिली. त्यांची कन्या आज शाळेत जाते. आपण या घरी कशा आलो, हे ती पाहुण्यांना स्वतःच सांगते. तिच्या एकाही कागदावर खोटे अक्षर नाही. "देणारा कोण?" या प्रश्नाला तिच्या आईवडिलांपाशी उत्तर आहे. उद्या आपल्या परिचयातले कोणी सल्ला विचारायला आले, तर माझ्यासारखी घाई करू नका. आधी हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.