रक्तदाब : साऱ्या घराचा हिशेब



दाढ दुखू लागली की माणूस रात्र काढू शकत नाही. विंचू चावला की सारी आळी जागी होते. वाढलेला रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे अंगात राहतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून "मला काही होत नाही" ही साक्ष येथे चालत नाही. खरी साक्ष दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या आकड्याची.

हा पट्टा १८९६ साली इटलीतील रिवा-रोची या वैद्याने तयार केला. १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखालील धमनीचा नाद ऐकून मोजण्याची रीत दाखविली. हृदय रक्त पुढे ढकलते तेव्हाचा आकडा वरचा. दोन ठोक्यांमध्ये ते विसावते तेव्हाचा खालचा. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा खालचा ९० च्या घरात वा त्यापुढे राहिला, तर रक्तदाब वाढला असे समजतात. घरी मोजताना हीच मर्यादा १३५ व ८५ धरतात.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्यांच्याजवळ निष्णात वैद्य होते. गुणकारी औषध तेव्हा निघाले नव्हते. आज आपल्याजवळ ते औषध आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. तरीही आकडा उतरला की "आता बरे वाटते" म्हणून आपण गोळी सोडतो! अहो, तो आकडा गोळीनेच उतरलेला असतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून ती सोडू नये.

हा प्रश्न एकट्या रोग्याचा नाही. आईबापांना रक्तदाब असेल, तर मुलांना त्याचा संभव अधिक. शिवाय साऱ्या घराची चूल एक आणि मीठही एक. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आत, मीठ सांगते. त्यात भाजी, ठेचा, लोणचे, पापड सारे आले. उन्हाळ्यात आपल्या गच्च्यांवर पापड-कुरडया वाळतात, लोणच्याच्या बरण्या भरतात. वर्षाचे मीठ तेव्हाच घरात ठरते. पापडखारातही मिठातले सोडियम असतेच. आजोबांपुरती अळणी भाजी वेगळी शिजविली, तर आजोबा लपून लोणचे खातात. त्यापेक्षा साऱ्या घराचेच मीठ हळूहळू उतरवा. काही आठवड्यांत जीभ रुळते.

आता कोणाचा रक्तदाब मोजला जातो ते पाहा. आधी घरच्या कर्त्याचा, मग सासऱ्यांचा. सर्वांना वेळेवर गोळ्या देणाऱ्या गृहिणीचा दंड मात्र कोरडाच राहतो! ती शेवटी जेवते आणि तिची तपासणीही शेवटी. बहुधा होतच नाही. गरोदरपणात तर वाढलेला रक्तदाब आई व मूल दोघांच्याही जिवावर बेततो. तेव्हा दर तपासणीत तो मोजलाच पाहिजे.

मोजण्याचीही शिस्त आहे. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड उघडा, हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. मिनिटभराने पुन्हा मोजावे.

आपण दुधाचा, किराण्याचा हिशेब वहीत लिहितो. त्याच वहीचे एक पान रक्तदाबाला द्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव, तारीख आणि दोन आकडे लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. आणि त्या पानावरचे पहिले नाव घरच्या बाईचे असू द्या, एवढीच माझी विनंती आहे.