पट्टी आकार विसरली, तेव्हा

मी मूळची सांगलीची, धातुशास्त्रातल्या संशोधनासाठी चेन्नईला आले. आज माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते.

माझ्याकडे निटिनॉलची पट्टी होती. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियम, जवळपास निम्मे-निम्मे. अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्यूलर यांनी तो घडवला. नावातलं 'नॉल' तिथलंच. हा धातू वाकवला तरी मूळ आकारात परततो. त्याच्या अणूंची मांडणी दोन तऱ्हांची असते : उष्ण असताना ऑस्टेनाइट, थंडीत किंवा ताणाखाली मार्टेन्साइट. एकीतून दुसरीत जाताना अणू शेजार सोडत नाहीत, नुसते कलतात. म्हणून परतीची वाट मोकळी राहते.

मी पट्टी न तापवता रोलिंग मिलमधून काढली, जाडी सुमारे 30 टक्क्यांनी कमी केली. मग दोन तुकडे केले. एक अर्धा तास 400 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवला. दुसरा 700 अंशांना. म्हटलं, जास्त उष्णता म्हणजे जास्त चांगलं!

दोन्ही पेन्सिलीभोवती वाकवून सोडले. पहिला टणकन सरळ झाला. दुसरा वाकलेलाच. गरम पाण्यात टाकला, थोडा उलगडला, पण बाक राहिलाच.

असं का झालं? रोलिंगमध्ये धातूचे कण चेपतात, अणूंच्या रांगा जागोजागी मोडतात. या मोडींना डिसलोकेशन म्हणतात. त्यांचा गुंता इतका होतो की धातू कडक बनतो, पण मार्टेन्साइटलाही हलायला जागा उरत नाही. 400 अंशांना हा गुंता थोडा सुटतो, पूर्ण नाही. उरलेला गुंता अणूंच्या थरांना कायमचं घसरू देत नाही. 700 अंशांना मात्र नवे, मोठे, स्वच्छ कण तयार होतात. गुंता पुसला जातो, धातू मऊ पडतो, थर घसरतात. घसरलेले अणू जुन्या शेजाऱ्यांकडे परतत नाहीत.

माझ्या आजोबांच्या पायाच्या धमनीत निटिनॉलचा स्टेंट आहे. तो पट्टीपासून नाही, नळीपासून बनतो. पण तत्त्व हेच. प्रत्येक पावलागणिक तो वाकतो आणि सावरतो. कुणीतरी ती भट्टी नेमक्या अंशावर ठेवली, म्हणून आजोबा चालतात.

माझा वाकडा तुकडा अजून टेबलावर आहे. भट्टीचा आकडा लावण्याआधी मी एकदा त्याच्याकडे बघते.